पुलाचा चढ आणि तपकिरी बूट

सून सायकल जिन्याखाली टेकवून लंगडत वर आली आणि दारातच बसली. डाव्या नडगीवर बोटभर लांब ओरखडा, त्यातून रक्ताचे ठिपके वर आलेले. सासूने खिडकीतून सगळं बघितलं होतं, तरी विचारलं, "पडलीस?"

"नाही आई, रस्त्याला मिठी मारून आले."

सासूला उत्तर आवडलं. तिला उलटून बोलायची छाती या घरात एकट्या सुनेचीच होती. पोटचा लेक तर तिच्यासमोर शिंकतानाही परवानगी मागेल असा. पण आवडलं म्हणून कौतुक करील ती सासू कसली! तिने डेटॉलची बाटली आणि कापूस आणला, खाली बसता येत नाही म्हणून स्टूल ओढलं, आणि सुनेचा पाय आपल्या मांडीवर घेऊन पुसायला लागली.

"परत त्याच चढावर?"

"त्याच. जोर लावला की पाय पेडलवरून सटकतो. मग पेडल गर्रकन फिरतं आणि नडगीवर येऊन बसतं. माझे पायच असले. लोकांची पोरं हात सोडून चालवतात आणि मी छत्तीस वर्षांची घोडी..."

"पायांना नावं ठेवायची नाहीत," सासू म्हणाली. "पाय चांगले आहेत. मी बघितलेत."

आता सासूने पाय चांगला म्हटला म्हणजे त्यावर शिक्का बसला. बुटांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली होती तिने. शाळा चार इयत्ता, पण बूट कुणाचाही दाखवा, घालणारा कसा चालतो ते सांगून मोकळी. कारखान्यात तिला मेणकाकू म्हणत. शिवून, चिकटवून, खिळे ठोकून झालेला बूट सगळ्यात शेवटी तिच्या टेबलावर यायचा. ती कडांना रंग द्यायची, तळाला मेण चोपडायची आणि ब्रशने घासून असा काही चमकवायची की बघणाऱ्याला त्यात आपलं नाक दिसावं. गिऱ्हाईकाने बूट हातात घेतला की आधी उलटा करून बघतं, असं तिचं म्हणणं. तोंड कुणीही धुतं, टाचा कोण घासतं ते बघावं.

आणि या चढाचं तिला एवढं का लागलं होतं, तेही सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. सून तेव्हा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, पोरीने नोकरी सोडली आणि सासूला उठवायला, बसवायला, चालायला शिकवायला घरी राहिली. सासू भिंत धरून चालायला लागली, मग काठी घेऊन, मग बाजारात जाऊन भाजीवाल्याशी भांडायला लागली. पण सुनेची जागा गेली ती गेलीच. आता लॅबवाल्यांनी स्वतःहून बोलावलं होतं. काम तेच, पाळी मात्र पहाटे सहाची. पहिली बस सातची. लेकाची रात्रपाळी, तो घरी येणार साडेसातला. राहिली सायकल. रस्ता सगळा सपाट, मध्ये फक्त पुलाचा चढ. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि आज गुरुवार होता.

या तीन वर्षांबद्दल सासू सुनेला कधी एक शब्द बोलली नव्हती. बोलायला गेली की बाहेर पडायचं ते "चहात साखर कमी आहे."

"ऊठ," ती म्हणाली. "दोष त्या पांढऱ्या कापडी बुटांचा आहे. फिरायला जायचे बूट ते, सायकलचे नव्हेत. चल दुकानात."

सायकलचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर होतं. दुकानदार अंगाने इतका किरकोळ की सगळे त्याला काडी म्हणत. दाढीत कायम ग्रीसचा एक डाग. त्याने दोघींना बसवलं आणि कपाटातून एक काळा चकचकीत बूट काढला. तळाला लोखंडी खटका.

"हा पेडलमध्ये खट्कन अडकतो, काकू. पाय सटकायचा प्रश्नच नाही."

"आणि पडताना?"

"पडताना पाय वळवून सोडवायचा."

"पडताना माणूस देवाचं नाव घेईल का पाय वळवत बसेल? सून आहे माझी, खुंट्याला बांधायची शेळी नाही. ठेव तो कपाटात."

काडी हसला. त्याने सुनेच्या सायकलचं पेडल बघितलं होतं, पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच विकलं होतं. चपटं, रुंद, वर बारीक बारीक खिळ्यांची टोकं. "या पेडलला मग तळ मऊ रबराचा हवा, काकू. खिळे त्यात थोडे रुततात आणि पाय धरून ठेवतात. खोल खाचांचा डोंगर चढायचा बूट नको, खिळ्यांना टेकायला जागाच राहत नाही. आणि धावायचा फुगीर तळाचाही नको, पाय त्यावर डुलतो."

"हे मला शिकवतोस?" सासू म्हणाली, पण कान टवकारून ऐकत होती.

मग तिने काम हातात घेतलं. आठ जोड काढायला लावले. एकेक बूट दोन्ही हातांनी वाकवून बघितला. जो मधोमध पोळपाटावरच्या पोळीसारखा दुमडला तो बाद. "यात पाय पेडलवर वाकून दुखेल." जो वाकलाच नाही तोही बाद. "ही फळी आहे. घरी पाट आहेत." एका लाल जोडाची शिवण नखाने उचकटून बघितली आणि काडीकडे असं बघितलं की बिचाऱ्याने तो स्वतःच आत नेऊन ठेवला.

"आई, लाल छान होता," सून हळूच म्हणाली.

"छान होता. आठ दिवस."

शेवटी एक तपकिरी जोड उरला. तळ सपाट, मऊ, मधाच्या पोळ्यासारखी उथळ नक्षी. नाडीच्या वर एक पट्टी, नाडीचं टोक तिच्याखाली दाबून ठेवता येईल अशी. "हे बरं केलंय कुणीतरी," सासू म्हणाली. "नाडी साखळीत जायची नाही." सुनेने पाय घातला. सासूने काठी बाजूला ठेवून, वाकून, अंगठा दाबून बोटांपुढची जागा मोजली. "एक नंबर मोठा दे. संध्याकाळी पाय सुजतात हिचे. दिवसभर उभी असते."

सुनेने सासूच्या डोक्याकडे बघितलं. तिचे पाय संध्याकाळी सुजतात हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

काडीने दुकानात स्टँडवर उभी असलेली तसल्याच पेडलची एक सायकल दाखवली. सून बसली. पायाच्या पंजाचा फुगीर भाग पेडलच्या मध्यावर ठेवला आणि दाबलं. बूट चिकटला, जसा काही डिंक लावलाय. पाय जोरात ओढून बघितला, तरी हलेना. तिच्या तोंडावर पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं आणि सासूने लगेच दुसरीकडे बघितलं, आपल्याही तोंडावर तेच आलंय हे कुणाला दिसू नये म्हणून.

दुपारी सून कपडे वाळत घालत होती तेव्हा सासूने नवे बूट मांडीवर घेतले. या घरात कुठलाही नवा जोड तिच्या हाताखालून गेल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. लेकाचे कामाचे बूट, सुनेचे पांढरे, शेजारणीचेसुद्धा. रबर असो की चामडं, तिला फरक नव्हता. मेणाचा डबा उघडला, फडक्याचा बोळा फिरवला, जुना ब्रश घेतला आणि अर्धा तास घासत बसली. आज जरा जास्तच वेळ. पोरगी पहाटे अंधारात एकटी जाणार, तळाला पाणी लागू नये, धूळ बसू नये. घासता घासता ती काहीतरी गुणगुणत होती, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने कानाखाली दिली असती.

शुक्रवारी सकाळी सून निघाली आणि पाऊण तासात परत आली. या वेळी दोन्ही नडग्या आणि एक कोपर.

ती दारात बसली नाही. सरळ आत गेली, बूट काढून भिंतीशी नीट लावले आणि खुर्चीत बसली. रडली असती तर बरं, पण रडली नाही. "आई, मला नाही जमणार. बूट चांगले, सायकल चांगली, पेडल चांगलं. आता उरले मीच ना? मी लॅबमध्ये कळवते."

नुकताच पाळीवरून आलेला लेक म्हणाला, "नको तर नको. एवढं काय."

"तू झोपायला जा," सासू म्हणाली. तो गेला. मग ती सुनेला म्हणाली, "संध्याकाळपर्यंत फोन करायचा नाही. माझी शपथ आहे. त्या काडीला सोलून येते."

बूट पिशवीत घालून, काठी टेकत ती दुकानात पोचली. रस्ताभर वाक्यं तयार करत गेली होती आणि त्यांतलं एकही वाया घालवायचा तिचा विचार नव्हता. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिला बरंच वाटलं, जितकी जास्त तितकी चांगली.

"हे तुझे डिंकाचे बूट! पोरीची हाडं मोडायची बाकी आहेत! काय सांगत होतास, खिळे रुततात? कुठं रुततात? तिच्या नडगीत?"

काडीने बूट उलटा केला, खिडकीशी नेला, आणि तळावरून नख ओढलं. नखाखाली पिवळट, पातळ अशी एक गुंडाळी आली. त्याने ती बोटांत चुरगळली, वास घेतला.

"मेण आहे, काकू. चांगला जाड थर. खिळ्यांनी धरायचं कशाला?"

सासूने बूट हातात घेऊन स्वतः तळावर नख ओढून बघितलं. तयार केलेली वाक्यं कुठं गेली कळेना. पांढरे बूट डोळ्यांपुढे आले. तेही तिनेच चमकवलेले. पहिली पडझड, दुसरी, आजची. तिन्ही तिच्याच हातची.

काडीला तिचं तोंड बघून दया आली असावी. तो म्हणाला, "कारखान्यातून येतानाच कधी कधी तळाला काहीबाही लागून येतं. तिथल्या बायका घाईत असतात. मी दुसरा जोड देतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

बाहेर पडायला दार उघडं होतं. नवा जोड घ्यायचा, घरी जाऊन म्हणायचं, कारखान्याची चूक. सून चढ चढेल, सासूचं नाक शाबूत. तिने पिशवीचा बंद घट्ट धरला. तिथल्या बायका! अठ्ठावीस वर्षं ज्या टेबलावर ती बसली, तसल्याच कुठल्यातरी टेबलावर बसलेल्या कुणा बाईच्या माथी मारायचं? जिने बूट अगदी जसा हवा तसा पाठवला होता तिच्या?

"कुठल्या बायका?" ती एकदम कडाडली. "त्या बायकांनी काही केलेलं नाही. मेण मी लावलंय. मी. काढायचं कसं ते सांग."

"गरम पाणी, साबण, कडक ब्रश..."

"आणि मग पॉलिश पेपर. चिकटवायच्या आधी तळ खरवडतात तसा. ते मला येतं. पॉलिश पेपर आहे का तुझ्याकडे? बारीक नको, मध्यम दे."

घरी येऊन तिने न्हाणीघरात बादली भरून घेतली. सून आवाज ऐकून आली. बघते तर सासू स्टुलावर बसून नवे बूट भांडी घासावीत तसे घासतेय.

"आई! अहो, कशाला? दुकानदार काय म्हणाला?"

सासूने मान वर केली नाही. "म्हणाला, तुझे पाय चांगले आहेत."

"आणि?"

"आणि सासू वेडी आहे." ब्रश जोरात फिरला. "मेण लावलं होतं मी तळाला. या आणि त्या पांढऱ्यांनाही. पेडलला धरायला काही ठेवलंच नाही. तू नाही पडलीस, मी पाडलंय तुला. तीनदा. आता हस काय हसायचं ते."

सून हसली नाही. ती बाजूला उकिडवी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी बघितलं होतं तुम्हाला लावताना."

"मग बोलली का नाहीस, सटवे?"

"तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं."

सासूचा ब्रश थांबला. चहात साखर कमी आहे म्हणावं तर समोर चहाही नव्हता. तिने बादलीतला फेस हाताने बाजूला सारला.

"मला चालायला शिकवलंस तेव्हा मी तुला किती शिव्या दिल्या होत्या," ती शेवटी म्हणाली.

"मोजल्या नाहीत. एका दिवशी 'राक्षसीण' म्हणालात, ते लक्षात आहे."

"ते खरंच होतं. भिंत सोडायला लावलीस तू मला." तिने दुसरा बूट सुनेच्या हातात दिला. "हे घे, पॉलिश पेपर. एकाच दिशेने घास. तुला पण सोमवारी भिंत सोडायचीय."

दोघी घासत बसल्या. लेक झोपेतून उठून पाणी प्यायला आला, दोघींना न्हाणीघरात बूट घेऊन बसलेलं बघितलं आणि शहाण्यासारखा काही न विचारता परत गेला.

शनिवारी सकाळी सासू आधी निघाली आणि काठी टेकत चढाच्या माथ्यावर जाऊन कठड्याला टेकून उभी राहिली. खालून सून येताना दिसली. चढ सुरू झाला तशी ती पुढे वाकली, पेडल दाबलं, परत दाबलं. सायकल जराशी डुलली. सासूने काठी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. पाय सुटला नाही. सून वर आली, तोंड लालबुंद, धापा टाकत, आणि थांबली नाहीच.

"अगं थांब की!"

"आई, थांबता येत नाही अजून!" असं ओरडत ती पलीकडच्या उतारावरून खाली गेली.

सासू एवढी हसली की कठड्याचा आधार घ्यावा लागला.

सोमवारी पहाटे सुनेने बूट घ्यायला हात पुढे केला, तर ते जागेवर नव्हते. सासू दिव्याखाली बसून तळावर नख ओढून बघत होती. मग तिने जोड उलटा धरून सुनेसमोर केला. "बघून घे. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही."

सुनेने खरंच वाकून बघितलं. नख ओढलं. मग बूट घालता घालता म्हणाली, "वरच्या चामड्याला लावा ना थोडं मेण. रविवारी. ओलं होतं ते."

"वरून?"

"वरून. खालून नको."

"निघ आता, उशीर होईल," सासू म्हणाली. "आणि थांबायला शीक आज. लॅबच्या पुढे जाशील."