दोन बोटं बाहेर

डॉक्टरीणबाईंच्या विमानाचं दुखणं तसं किरकोळ होतं. समोरच्या पॅनेलवरचा काळा नॉब आत ढकलला की इंजिन जोर धरतं आणि बाहेर ओढला की जोर ओसरतो. नॉबच्या मुळाशी एक खाचदार कडं असतं, ते पिळून घट्ट केलं की नॉब ठेवला तिथे राहतो. बाईंचा राहत नव्हता. वर चढताना हात काढला रे काढला की तो दोन बोटं बाहेर यायचा.

"दिवसभर मी लोकांचे दात हलतात का ते बघते," बाई म्हणाल्या, "आणि इथे माझाच हलतोय, मिस्त्री."

"उपटायला सांगू नका म्हणजे झालं. तेवढा एकच आहे."

धावपट्टीच्या टोकाला असलेल्या त्या पत्र्याच्या हँगरमध्ये मिस्त्रीची तीस वर्षं गेली होती. कडं त्याने पिळून पाहिलं, ते घट्ट होतं. नॉबचा दांडा पकडणारा आतला पितळी काप झिजला असेल म्हणून तो बदलला, मग नॉबपासून इंजिनापर्यंत जाणारी तारही नवी घातली. शेवटी नॉब अर्ध्यावर ठेवून कडं आवळलं, दांड्यावर पॅनेलला लागून पेन्सिलीची बारीक रेघ ओढली, दाराला कडी घातली आणि तो जेवायला घरी गेला.

"विमान बिघडलं की यांना मिठाची चव कळत नाही," बायको म्हणाली. "आज मी घालायचीच विसरले, तरी आपलं चाललंय."

मेहुणीने मिठाचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. "काय बिघडलंय, भावजी?"

"काही नाही," तो म्हणाला.

परत आला तेव्हा कडी जशीच्या तशी होती, इंजिन थंडगार होतं आणि रेघ पॅनेलपासून दोन बोटं अलीकडे आली होती. त्याने नॉब आत ढकलला आणि सीटवर बसून त्यावर डोळे रोखले. पाऊण तास काहीही झालं नाही. मग शिंक आली, डोळे मिटले, उघडले. रेघ दोन बोटं अलीकडे होती. आतून कुणी लोटल्यासारखी नव्हे, तर सीटवर बसलेल्या कुणीतरी शांतपणे आपल्याकडे ओढून घेतल्यासारखी. आणि सीटवर तर तोच बसला होता.

सरळ मार्ग असा होता की विमानाच्या तपासणी कार्डावर लिहायचं, 'नॉब आपोआप बाहेर येतो', आणि विमान जमिनीवर ठेवायचं. मिस्त्रीने पेन उघडलं आणि ते तसंच हातात राहिलं.

सहा वर्षांपूर्वी याच हँगरमधून त्याच्या साडूने शेवटचं विमान नेलं होतं. साडू उडायला शिकवायचा. त्या सकाळी तो म्हणाला होता, "अरे, नॉब सरकतोय, बघ जरा." मिस्त्रीने पाहिला नाही. चहाचा कप ठेवायलाही उठला नाही. टेबलावरच 'तपासले, ठीक' लिहून सही ठोकली. सही करणाऱ्याने पहिल्या फेरीला शेजारी बसायचं अशी पद्धत होती, पण साडूच हसला, "तू बसलास तर हे उठायचं नाही, पोट बघ," आणि एकटा गेला. विमान झाडांच्या वर जेमतेम पोचलं असताना इंजिनाचा जोर ओसरला.

चौकशीला तिघे साहेब आले. तिघांपैकी एकानेही आयुष्यात असा नॉब ढकललेला नव्हता, आणि तिघांनाही फाईल चार वाजायच्या आत मिटवायची होती. मिस्त्रीने ती मिटवून दिली. "नॉब आपोआप बाहेर येत नाही, साहेब. कुणी ओढल्याशिवाय नाही." पुरावाही त्यानेच समजावून सांगितला: ढकलणाऱ्याच्या तळहातावर नॉब रुततो, ओढणाऱ्याच्या बोटांना आतून कड्याच्या खाचा उठतात. साडूचा तळहात स्वच्छ होता. खाचा बोटांवर होत्या. अहवालात दीड ओळ आली. आत्महत्या हा शब्द कुणी लिहिला नाही. तो गावाने वापरला, आणि घरात असं काय चाललं होतं हे साडूच्या बायकोला विचारायलाही गावच गेलं. तेव्हापासून ती बहिणीकडे, म्हणजे मिस्त्रीच्या घरी राहत होती, त्याला ताट वाढत होती आणि त्या सकाळबद्दल एका शब्दाने काही विचारत नव्हती.

आता हेच वाक्य उलटं लिहायचं म्हणजे ती दीड ओळ स्वतःच्या हाताने खोडायची. मिस्त्रीने लिहिलं, 'दोष आढळला नाही.' सही केली. आणि मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. अपघातानंतर त्यानेच रंगाचा डबा घेऊन तिथे हातभर अक्षरं काढली होती: सही ज्याची, शेजारची सीट त्याची. ती पद्धत त्याने इतकी कडक पाळली होती की लोक त्याचं उदाहरण द्यायचे.

"चला, बसा," दुसऱ्या सकाळी बाई म्हणाल्या. "की पोट दुखतंय?"

तो बसला. पट्टा आवळला. दार बाईंनी त्याच्या अंगावरून हात नेऊन लावलं.

धावपट्टी संपली, झाडं खाली गेली, बाईंनी दुसरं काही फिरवायला हात काढला आणि नॉब हलला. मिस्त्री त्याकडे पाहत होता, तरी हलला. त्याने तळहात टेकवून तो आत ढकलला. ओढ होती, जोराची नव्हे, पण न थकणारी, आणि पॅनेलच्या पलीकडून नव्हे तर त्याच्याच बाजूने. त्याने खांदा लावला, पाय रोवले.

"मिस्त्री, काय करताय?"

"ढकलतोय."

"ओढताय तुम्ही." खुर्चीतल्या पेशंटशी बोलावं तसा बाईंचा आवाज होता. "हात सोडा."

"सोडला तर येईल बाहेर."

"तो तुमच्या हातातच बाहेर येतोय. बघा."

त्याने पाहिलं. हात ढकलत होता. झाडांचे शेंडे मोठे होऊ लागले होते. बाईंनी कोपराने त्याच्या मनगटावर घाव घातला, हात सुटला, नॉब लोण्यातून जावा तसा आत गेला आणि इंजिन गरजलं.

उतरल्यावर बाईंनी इंजिन बंद केलं. मग म्हणाल्या, "काम चांगलं झालंय तुमचं. नॉब आपोआप बाहेर येत नाही. तुम्ही ओढलात. का, ते मी विचारत नाही, पण कार्डावर लिहिणार आहे."

घरी बायको नव्हती. मेहुणी खिडकीपाशी टेबलावर इस्त्री करत होती. मिस्त्री तिच्यासमोर बसला आणि सहा वर्षांत जे बोलला नव्हता ते बोलला: सकाळचा चहा, न पाहिलेला नॉब, टेबलावरची सही. "तो आपोआप बाहेर येतो. मी ढकलत होतो. तोही ढकलतच असणार."

तिने इस्त्री उभी केली, त्याचा उजवा हात घेतला आणि उजेडाकडे वळवून उलटा केला. तळहात स्वच्छ होता. दोन बोटांना आतून, फणीच्या दात्यांसारख्या बारीक, सारख्या अंतराच्या खाचा उठल्या होत्या.

"मी ढकलत होतो," तो म्हणाला.

"हो, भावजी. पण हे कुणाला सांगाल?" तिने अंगठ्याने त्या खाचा चोळून पाहिल्या. "या जात नाहीत. त्यांच्याही गेल्या नव्हत्या."

मग तिने त्याची बोटं एकेक करून मिटवली, मूठ टेबलावर ठेवली आणि पुढचा कपडा इस्त्रीला घेतला. मूठ टेबलाच्या कडेपासून किती बोटं लांब आहे ते मिस्त्रीने नीट पाहून ठेवलं. मग डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने पापणी मिटली नाही.