दोन मुठींचा रंधा

मी एक जुना रंधा आहे, मित्रांनो, आणि माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. लाकूड गुळगुळीत करण्यात माझा जन्म गेला, म्हणून माझा स्वभावही गुळगुळीत असेल असे नाही.

मला एका सुताराने आपल्या मुलासाठी घडवले. कठीण, काळपट लाकडाचा ठोकळा, त्यात पोलादी पाते, पाते घट्ट धरायला पाचर, आणि पुढे-मागे एकेक मूठ. तो मुलगा पुढे मोठा कारागीर झाला. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याच्या हाताखाली मी दारे घासली, पलंग घासले, प्रार्थनामंदिरातले बाक घासले. बाकावरून हात फिरवून लोक म्हणत, "लोणी आहे, लोणी!" कौतुक मिस्त्रीचे व्हायचे, पण फुगायचो मी.

मिस्त्री रोज कामाआधी मान खाली घालून प्रार्थना करी. आयुष्याच्या वळणावर उभा राहिला की म्हणे, "प्रभू दाखवील ती वाट." फर्निचरचा कारखाना निघाला, घरची कामे आटली, तेव्हाही त्याने प्रार्थना केली आणि कारखान्यात नोकरी धरली. मला फळीवर टाकले. मी तिथे धूळ खात पडलो आणि मनात धुमसत राहिलो. म्हणे वाट दाखवली!

कारखान्यात विजेवर फिरणारी गोल करवत होती. तिच्या दात्यांवर लोखंडी झाकण असायचे. झाकणामुळे काम सावकाश होते म्हणून मालकाने ते काढून ठेवायला लावले. मग जे व्हायचे तेच झाले. मिस्त्रीच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. उरला तो अंगठा.

आता खरा राग सांगतो. प्रार्थनामंदिराच्या मंडळीतले लोक भेटायला आले. चहा प्यायले, उसासे टाकले आणि जाताना एकेक जण म्हणाला, देवाची इच्छा. जणू उंबऱ्यावर चपला काढाव्यात तसे प्रत्येकाने ते दोन शब्द आमच्या घरात काढून ठेवले. मिस्त्रीची बायको भिंतीला टेकून ऐकत होती. तिचा जबडा मला फळीवरून दिसत होता.

शेवटी मालक आला. तो उपासनेला पहिल्या बाकावर बसणारा माणूस. फळांची टोपली ठेवून तो जवळ सरकला आणि म्हणाला, सरकारी तपासनीस येणार आहे, त्याला एवढेच सांग की माझाच हात घसरला. मग बसल्या जागी देखरेखीचे काम देतो, जन्मभर. आणि वर म्हणाला, "देवाच्या इच्छेपुढे कुणाचं चालतं, मिस्त्री?"

तेव्हा मिस्त्रीची बायको भिंत सोडून पुढे आली. आवाज न चढवता तिने विचारले,

"झाकण कुणी काढलं? देवानं?"

मालकाने टोपली तिथेच ठेवली आणि तो निघून गेला. ती फळे घरात कुणी खाल्ली नाहीत.

मिस्त्री माझ्या फळीखाली येऊन बसला. त्या दिवशीची प्रार्थना शहाण्यासुरत्या माणसाची नव्हती. तो देवाशी भांडला. माझा हातच का, म्हणाला. तुझ्याच घरचे बाक केले ना मी, म्हणाला. आकाशातून आवाज आला नाही की उजेड पडला नाही. मी लक्ष ठेवून होतो. पण उठताना तो स्वतःशीच बोलला, "त्या करवतीवर आज दुसरा कुणीतरी उभा असेल." आणि त्याचा चेहरा निवळला.

तपासनिसाला त्याने खरे ते सांगितले. देखरेखीची नोकरी गेली. मंडळीतले काही जण रस्त्यात तोंड फिरवू लागले. मालकाला उघडे पाडले म्हणून. मीही त्याच्यावर चिडलो. खरे बोलून हाती काय आले? धुपाटणेसुद्धा नाही.

मग त्याने मला खाली उतरवले. माझ्या पात्यावर गंज चढला होता. डाव्या हाताने तो मला ढकलू लागला आणि मी लाकडावरून घसरत, ते ओरबाडत गेलो. त्याने पुन्हा केले, पुन्हा तेच. तेव्हा या शांत माणसाने मला उचलून भिंतीवर फेकले. माझा कोपरा उडाला. मित्रांनो, तो टवका अजून तसाच आहे.

बायकोने मला उचलले. पाते काढून घासले, तेल दिले, पाचर ठोकली. मग मागची मूठ तिने धरली.

"पुढची तुम्ही धरा. मी ढकलते, तुम्ही ओढा."

"तुला जमायचं नाही."

"मग शिकवा."

ती मला अशी ढकलायची की जणू फळीवर मालकच आडवा पडलाय. लाकडाचे पहिले छिलके जाडेभरडे निघाले. मिस्त्री म्हणायचा, "राग मनगटात ठेव, खांद्यात नको." हळूहळू छिलका लांब, पातळ, अखंड निघू लागला. लोक पुन्हा स्टुले, टेबले करून घेऊ लागले.

एकदा कारखान्यातला एक कामगार पाळण्याचे काम सांगायला आला. बोलता बोलता म्हणाला, तपासणीनंतर करवतीवर झाकण पक्के बसवले आहे, आता ते कुणाच्या बापाला निघायचे नाही. बोलताना तो दोन्ही हात हलवत होता. मिस्त्री ते धडधाकट हात पाहत राहिला.

तो गेल्यावर मिस्त्री म्हणाला, "मला आता काही कमी नाही."

हे त्याने अगदी साधेपणाने म्हटले, आणि मला, इतक्या चिडक्या रंध्याला, ते खोटे वाटले नाही.

अपघातापासून बायकोने प्रार्थनेत मान झुकवली नव्हती. नवऱ्याची प्रार्थना होईपर्यंत नुसती थांबायची. पाळण्याची पहिली फळी मांडली तेव्हा मात्र म्हणाली, आज मी करते. डोळे उघडेच ठेवून ती म्हणाली,

"देवा, माझा राग गेलेला नाही. पण तू इथं बस. आम्ही काम करतो."

माझाही राग गेलेला नाही, मित्रांनो. अवजारांना तेल द्या, त्यांना ओलीत टाकू नका, एवढी विनंती मी करतोच. पण त्याहून मोठी विनंती ही, की दुसऱ्याच्या जखमेवर देवाचे नाव चिकटवून घरी जाऊ नका. देवाला मानत असाल, तर जखमी माणसाच्या घरी जा, आणि तिथे जी मूठ रिकामी दिसेल ती धरा.