बुद्धी मोजणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. भांडगावच्या पुढे एका वाडीतल्या शाळेत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर माझी जागा. माझ्या पोटात रंगीत ठोकळे, चित्रांची कार्डं आणि जुने उत्तरकागद आहेत. मुलांची बुद्धी मोजणं हे माझं काम.

माझ्यातले काही प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये निघाले. वर्गात मागे पडणारी मुलं ओळखावीत आणि त्यांना जास्त शिकवावं, एवढाच हेतू होता. पुढे देशोदेशी लोकांनी उत्तरांवरून काढलेल्या आकड्याचा मुलांवर मारायचा शिक्का केला. प्रश्न मराठीत आले, पण त्यांतली घरं आणि मैदानं परकीच राहिली.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी पुण्याहून रेल्वेने दौंडला आणि तिथून एसटीच्या टपावरून इथे आले. तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! इथल्या शाळेच्या मच्छिंद्र गुरुजींनी माझ्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं.

एके दिवशी तिसरीतली अनिता माझ्यासमोर बसली. तिचे वडील रखमाजी मेंढरं राखत. वर्षातले काही महिने सगळं घरच रानोमाळ, त्यामुळे तिची शाळा बुडायची. गुरुजींनी एक कार्ड ठेवलं. त्यावर गोल मैदान. गुरुजी म्हणाले, "यात चेंडू हरवलाय, कसा शोधशील ते बोटाने दाखव." पुस्तकातलं उत्तर होतं, कडेपासून गोल गोल फिरत मध्यापर्यंत जायचं.

अनिताने कार्ड नीट पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, उतार कुठल्या बाजूला हाय?"

परीक्षेत मुलाला काही सांगायचं नाही, असा नियम होता. गुरुजी गप्प राहिले. ती उत्तराची वाट बघत राहिली. वेळ संपली. गुरुजींनी तिच्या उत्तरकागदावर शून्य मांडलं.

सगळे प्रश्न मिळून बुद्ध्यांक बासष्ट निघाला; सर्वसाधारण मुलाचा शंभर धरतात. मुलीला शिक्षण झेपणार नाही, असं गुरुजींनी रखमाजींना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती मेंढरांमागे गेली. सगळं माझ्यादेखत झालं आणि मला बोलता येत नव्हतं.

गुरुजी निवृत्त झाले. मग वर्षानुवर्षं मला कुणी हात लावला नाही. अंधारात मी आणि अनिताचा कागद, दोघंच.

गेल्या जूनमध्ये शाळेच्या नव्या शिक्षिका गौतमीबाईंनी कपाट आवरताना मला उघडलं. त्या कागदाच्या कडेला गुरुजींनी बारीक अक्षरात अनिताचा प्रश्न लिहून ठेवला होता. बाईंनी तो दोनदा वाचला आणि शोध घेऊन अनिताला शाळेत बोलावलं. तिचे केस पिकायला लागले होते.

"ताई, तुमचं चुकलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "चेंडू उताराकडेच घरंगळणार, आणि उतार कार्डावर दाखवलाच नव्हता. प्रश्नच अपुरा होता."

अनिता बाकावर बसली. मग हळूच म्हणाली, "माझं लगीन ठरलं तवा आबा सोयऱ्यांना हात जोडून म्हणले, पोरगी जरा मंद हाय, सांभाळून घ्या. आबा आता न्हाईत, बाई. त्यांना कोण सांगणार?"

अनिता उठून निघून गेली. बाईंनी मला पुन्हा फळीवर ठेवलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी गुरुजी होईल, कुणी बाई. समोरचं मूल उत्तर द्यायचं सोडून तुम्हालाच काही विचारू लागलं, तर घाई करू नका. आधी त्याला उत्तर द्या.