मलमावर मलम

सासूबाईंना खाली खाज सुटायची. ‘खाली’ एवढाच शब्द आमच्या घरात चालतो. त्यापुढे कुणी गेलं की सासरे पेपर उघडून बसतात. चौकातल्या डॉक्टरांनी दोन वर्षं मलमावर मलम दिलं. आधी बुरशीचं, मग अ‍ॅलर्जीचं, मग कोरडेपणाचं. वय झालं की व्हायचंच म्हणाले. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. एकदाही त्यांनी तपासून म्हणून पाहिलं नाही.

मग वास यायला लागला, काहीतरी सडल्यासारखा. नवऱ्याने बाथरूममध्ये सुगंधी वड्या टांगल्या. सासरे हॉलमध्ये झोपायला लागले. सासूबाई आपले कपडे चोरासारखे वेगळे धुवायच्या. किळस मलाही आली, खोटं कशाला बोलू? पण वासापेक्षा त्या वड्यांची जास्त आली.

एकदा त्यांच्या बादलीत रक्त दिसलं. पाळी जाऊन जमाना झालेला. मी त्यांना सरळ बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनीही ऐकता ऐकता पेन उचललं.

“लिहू नका,” मी म्हणाले. “आधी बघा.”

त्यांना राग आला, पण सासूबाईंना घेऊन त्या पडद्यामागे गेल्या. थोड्या वेळाने आवाज आला तो बदललेला. एवढी जखम होईपर्यंत कुणाला दाखवलं नाही का, असं विचारत होत्या.

“दाखवा म्हणालंच नाही कुणी,” सासूबाई म्हणाल्या.

तुकडा काढून तपासायला गेला. कॅन्सर निघाला, बाहेरच्या कातडीचा, क्वचितच कुणाला होणारा. ऑपरेशन ठरलं. जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलाय का, ते त्यानंतरच कळणार होतं. लवकर आला असतात तर थोडक्यात भागलं असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन वर्षं आम्ही काय फिरायला जात होतो?

घरी सासऱ्यांचा पहिला प्रश्न, लोकांना काय सांगायचं? उत्तरही त्यांनीच दिलं: पोटाचा. नवरा मान डोलावून मोकळा झाला. मला दोघांची शिसारी आली.

संध्याकाळी सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. सासरे तिला पोटाचं सांगू लागले, तशी सासूबाईंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

“पोटाचा नाही गं. लघवीच्या जागेपाशी, बाहेरून. तुलाही खाज येते ना तिथं? तूच तर मला मलमाचं नाव सांगितलं होतंस.”

सासूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“उद्याच जा. औषध मागत बसू नकोस. दाखव.”

सासऱ्यांनी उठून खिडकी लावून घेतली.