डोळे मिटले की पडते

सहादेव भगतानं घंटा वाजवली आणि बारवेच्या कडेला जमलेली पन्नास-साठ माणसं चिडीचूप झाली. मधोमध मनकर्णाबाई उभी होती, पाय फाकवून, नजर जमिनीवर खिळवून.

"मिट डोळं!" भगत गरजला.

तिनं डोळे मिटले. क्षणभर झुलली आणि कलंडली. बायकांनी वरच्यावर झेललं.

"बघितलं? पाण्यातल्या साती आसरांनी धरलंय बाईला. आता सोडवतो बघा!" त्यानं लिंबू ओवाळलं आणि काहीबाही पुटपुटला. त्यात काशी होती, पाताळ होतं, मधूनमधून हुंकार पेरले होते. "उघड डोळं! उभी ऱ्हा!"

मनकर्णाबाई उठली, उभी राहिली. लोकांनी हात जोडले.

पाच महिने दर मंगळवारी हेच चाललं होतं. आता भगतानं शेवटचा उपाय काढला. येत्या अमावस्येला बाईनं बारवेत छातीएवढ्या पाण्यात उतरायचं आणि डोळे मिटून सात बुड्या मारायच्या. "कुणी हात लावायचा न्हाई. लावला तर आसरा त्यालाच धरतील."

गर्दीत उभ्या पूजानं ते ऐकलं. ती मनकर्णाबाईची सून. जी बाई कोरड्या जमिनीवर डोळे मिटून उभी राहत नाही, ती पाण्यात कशी राहणार? एवढा साधा प्रश्न तिथं दुसऱ्या कुणालाच पडला नव्हता. सासरे भिमाजी यांनाही नाही, आणि ते तर बायकोवर जीव टाकणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मोरीत पडल्या, तोंडाला साबण तसाच. पूजानं त्यांना उठवलं.

"आत्या, पडायच्या आदी काय हुतं?"

"काय न्हाई गं. साबणासाठी डोळं मिटलं की पायच न्हाईत असं वाटतं. येरवी बी पायाखाली कापूस असल्यावानी. परवा एक चप्पल गळाली तर कळलंबी न्हाई."

"आन् लाईट गेल्यावर?"

"भिंत धरून बसते."

सासू पडायची ती तोंड धुताना, आरतीला हात जोडल्यावर, अंधारात. भगताला या तिन्ही ठिकाणी आसरा दिसल्या होत्या. पूजाला मिटलेले डोळे दिसले.

चष्म्याचा नंबर काढायचाय, असं घरी सांगून ती सासूला नगरला घेऊन गेली. डॉक्टर सत्यशीला यांनी मनकर्णाबाईला झोपवून डोळे मिटायला लावले आणि तिच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला.

"वर केला की खाली?"

"वर."

अंगठा खाली होता.

"आता?"

"खाली."

आता तो वर होता.

"आपण डोळे मिटून घास घेतला तरी तो तोंडातच जातो," डॉक्टर म्हणाल्या. "हात-पाय कुठं आहेत, कसे हलतात, याची खबर स्नायू आणि सांधे मेंदूला सारखी देत असतात. पाठीच्या कण्यातून ती वर जाते. यांची ती वाट बिघडली आहे. मेंदू बिचारा डोळ्यांवर काम भागवतो. डोळे मिटले की पाय कुठं आहेत तेच त्याला कळत नाही."

"कशानं झालं?"

"मांस, अंडी खातात?"

"आठ वर्सं झाली माळ घातल्याला," मनकर्णाबाई म्हणाली.

"आणि दूध?"

"चार गाया हायेत की दारात!"

"तुम्ही पिता का?"

पूजानं नकाराची मान हलवली. दोन्ही वेळचं दूध किटलीतून डेअरीला जायचं. गाईवाल्या घरात चहा कोरा. वाटीभर ताक सासूच्या वाट्याला यायचं, तेही भगतानं बंद केलं होतं. आसरांना पांढरं चालत नाही म्हणे!

रक्त तपासलं. बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ संपलेलं. इंजेक्शनं सुरू झाली.

"पाय पूर्ण येतील?" पूजानं हळूच विचारलं.

"पाच महिन्यांपूर्वी आणलं असतंत तर खात्रीनं हो म्हटलं असतं. आता बरंचसं येईल. सगळं येईलच असं नाही."

घरी भिमाजींनी सगळं ऐकून घेतलं. "सुया घ्या की. पण अमावस्या मोडायची न्हाई. पाच म्हैन्यांची सेवा हाय."

अमावस्येला सकाळी सगळा गाव बारवेवर लोटला. मनकर्णाबाई पहिल्या पायरीपाशी आली, तशी पूजा आडवी आली.

"भगतबुवा, आदी हितं, कोरड्यावर. आज आत्या डोळं उघडं ठेवतील. पाडा त्यास्नी."

भगत हसला. घंटा वाजली, लिंबू फिरलं, काशी झाली, पाताळ झालं. मनकर्णाबाई समोरच्या कडुलिंबाच्या बुंध्याकडे टक लावून उभीच. भगतानं आवाज चढवला. ती उभीच.

"आसरा रुसल्या!" भगत ओरडला.

"मंग आता तुमी गप ऱ्हा. घंटा नको, लिंबू नको. आत्या, मिटा डोळं."

कुणी काही पुटपुटलं नाही. मनकर्णाबाईनं डोळे मिटले आणि ती सरळ पूजाच्या अंगावर कोसळली.

"बघितलं का? ह्यांनी पाडलं न्हाई, उठवलंबी न्हाई. मिट आन् उघड, एवढंच म्हणत हुते. पायाची खबर मेंदूला पोचत न्हाई, हा आजार हाय. त्या पाण्यात डोळं मिटून आत्या सावरल्या असत्या का? आन् हात लावायची तर तुमाला बंदी!"

भिमाजी पाण्याकडे बघत राहिले. मग पुढे आले, बायकोचा दंड घट्ट धरला आणि तिला पायरीपासून मागे नेलं.

भगताला यातलं काय कळत होतं, हे पूजाला शेवटपर्यंत उमगलं नाही. मिट म्हटलं की बाई पडते, एवढं मात्र त्याला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्याचं भागत होतं. पांगताना एक म्हातारी म्हणालीच, "आसरांनीच सुनेला बुद्धी दिली." पूजाला रडू आलं.

चार महिन्यांनी मनकर्णाबाई जमिनीवर नजर न खिळवता चालू लागली. चप्पल गळाली तर आता कळतं. पण तोंड धुताना एक हात भिंतीवर लागतोच, आणि तो पुढेही लागणार आहे. सकाळचा चहा मात्र दुधाचा असतो. डेअरीची किटली भरण्याआधी भिमाजी स्वतः तेवढं दूध काढून ठेवतात.

एका मंगळवारी शेजारची दगडाबाई आली. तिच्या नातीचा हात आपोआप उडत होता.

"भगताकडं न्यावं म्हणते."

मनकर्णाबाई भिंत धरून उठली. "आज, आत्ता दवाखान्यात ने. माज्याकडं बघ. मी पाच म्हैनं लिंबू ओवाळून घेतलं. देव कुटं जात न्हाई, दगडाबाई. पाय जात्यात."