मिठागरात पाणी कुणी सोडलं

मी एक जुना प्रोजेक्टर आहे आणि थांबणं मला जमत नाही. म्हणून पटापट सांगतो. मित्रांनो, मध्येच कुणी पाणी प्यायला उठू नका.

माझा कारखाना, माझा खोका, ते सगळं सोडा. सहा वर्षांपूर्वी मी गोडदेवच्या एका मराठी शाळेत आलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापक हरिश्चंद्र सरांनी मला स्टीलच्या कपाटात घातलं. महागाची वस्तू, पोरं बिघडवतील, असं त्यांचं म्हणणं. मग मी बाहेर यायचो वर्षातून एकदा, खंडेनवमीला. शिपाई नाथामामा मला झेंडू वाहायचे, एकदा तर त्यांनी थेट भिंगावरच कुंकू लावलं, आणि परत कुलूप. अहो, देव तरी देवळात रोज सगळ्यांना दिसतो! पलीकडच्या वर्गातला धडा कानावर यायचा आणि मी नुसता तळमळायचो.

यंदा वरून फर्मान आलं, प्रत्येक शिक्षकाने यंत्रावर धडा घेऊन दाखवायचा, शिक्षण खात्याचे साहेब बघायला येणार. सातवीला गुणवंत सर होते. जवळच्याच नवघरचे, घराणं मूळचं मिठागरातलं, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी खडू उचलला की वर्ग गप्प व्हायचा. माझा रिमोट हातात घेतला की मात्र त्यांना बटणच सापडायचं नाही. हरिश्चंद्र सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, धडा फसला तर सातवी संजना मॅडमकडे जाईल आणि तुम्ही ऑफिसात कागद सांभाळाल. बिचाऱ्या संजना मॅडमनी त्यांना दोनदा सगळं शिकवलं. सर दोनदा मान हलवून 'समजलं' म्हणाले. काही समजलं नव्हतं. विचारायची लाज, दुसरं काय!

तो दिवस उजाडला. साहेब मागच्या बाकावर बसले. धडा मिठाचा होता. भिंतीला ओल आलेली, म्हणून पडदे ओढून माझा उजेड फळ्यावरच पाडला. भिंगावरच्या कुंकवाने समुद्र लालसर दिसला आणि मुलं फिदीफिदी हसली. सर मुलांकडे पाठ करून फळ्यावरची ओळ न् ओळ वाचत सुटले. अहो, मागे वळा, मुलांकडे बघा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठलं? नुसता पंखा, तो घरघरत होता.

व्हिडिओत पाणी आलं, सुकलं, मीठ झालं. अर्ध्या मिनिटात सगळं आटोपलं. तिथे सर थबकले. त्यांनी चित्र थांबवलं, खडू उचलला आणि माझ्याच चित्रावर रेघा ओढायला लागले.

"पाणी असं एकदम सुकत न्हाय, पोरांनो," ते म्हणाले. घरची बोली तोंडात आली होती.

उधाणाचं पाणी कुठून घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात कधी सोडायचं, वडील त्यात बोट बुडवून चव कशी बघायचे, सगळं सांगत गेले. कुणी हसत नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी कामी येत होतो आणि मला हर्ष झाला होता.

साहेबांना ते पटलेलं दिसलं नाही. खडूच चालवायचा तर मशीन कशाला, असं त्यांनी वर्गालाच विचारलं. हरिश्चंद्र सरांचा चेहरा पडला. गुणवंत सरांनी खडू खाली ठेवला. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची समीक्षा उभी राहिली.

"मशीननं मिठागर दाखवलं," ती म्हणाली. "पाणी सरांनी सोडलं."

साहेबांनी फळ्याकडे बघून वहीत काहीतरी लिहिलं. सातवी सरांकडेच राहिली.

साहेब गेले तसे हरिश्चंद्र सर कपाटाची किल्ली घेऊन आले. गुणवंत सर माझ्यासमोर उभे राहिले.

"हा इथेच राहू द्या. बिघडायचाच असेल तर शिकवताना बिघडू दे."

आता मी रोज जळतो. दिवा मंदावलाय, रंग पिवळे पडलेत, कधी बंद पडेन सांगता येत नाही. म्हणून तर ही घाई. मित्रांनो, तुमच्याही शाळेत कुणी कपाटात तळमळत असेल, तर आधी कुलूप काढायला लावा. आमची धूळ पुसा, भिंगाला बोट लावू नका आणि आमच्याकडे बघताना सरांना विसरू नका. चला, घंटा झाली. पडदे ओढा रे कुणीतरी, सर येतायत.