सुरात वाजलेला क्रँकशाफ्ट

मित्रांनो, मला समोर ठेवलं तरी तुम्ही ओळखणार नाही. मी एक जुना क्रँकशाफ्ट आहे. गाडीच्या इंजिनाच्या पोटात आमचं बिऱ्हाड, त्यामुळे आमचं तोंड जगाला दिसतं ते इंजिन उघडल्यावर, म्हणजे बहुधा काहीतरी बिघडल्यावरच.

तुम्ही सायकल चालवता ना? पाय वरखाली होतात आणि चाक गोल फिरतं. ही किमया पायडलच्या दांडीची. इंजिनात पायांच्या जागी पिस्टन असतात आणि त्या दांडीच्या जागी मी. चार सिलिंडरच्या इंजिनात चार पाय एकाच वेळी माझ्यावर नाचतात. आता पायडलची दांडी लांब केली तर काय होईल? चढावर जोर चांगला लागेल, पण उतारावर पाय भरभर फिरवताना दमछाक होईल. मी तसा लांब दांडीचा आहे. आमच्या जातीला स्ट्रोकर म्हणतात. इंजिनाबरोबर कंपनीतून आलेल्या शाफ्टपेक्षा माझे खांदे, म्हणजे पिस्टनचे पाय जिथं टेकतात ते भाग, हरभऱ्याच्या दाण्याएवढे जास्त बाहेर आहेत. एवढाच फरक, पण या हरभऱ्यानं एका घराचा जीव टांगणीला लावला होता.

माझा जन्म चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूच्या एका कारखान्यात झाला. लालभडक पोलादाचा दांडा घणाखाली गेला आणि मला आकार आला. मी ओतलेला नाही, ठोकून घडवलेला आहे, याचा मला फार अभिमान असे. पुढे मला कातलं, घासलं, माझे कोपरे गोल केले, कारण अणकुचीदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. शेवटी मला तेल चोळून कागदात गुंडाळलं. त्या अंधारात मी मनाशी म्हणत होतो, देवा, चांगल्या हातात पडू दे.

पडलो तो सुधींद्राच्या हातात. सुधींद्र इरुंगाट्टुकोट्टैच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. कारखान्यापासून जवळच त्यानं पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली होती आणि तिथं तो शर्यतीची गाडी बांधत होता. गाडीला टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि मग आमच्यावर पडणारे पिस्टनचे पाय हत्तीचे होतात. गाडी चालवणार होती त्याची धाकटी बहीण रंजनी. दिवाळीनंतर तिथल्याच ट्रॅकवर मोठी शर्यत होती आणि ती पोर वर्षभर त्या शर्यतीचंच स्वप्न पाहत होती.

माणसं तंजावरकडची. दोनतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घरांपैकी एक, आता चेन्नईत एग्मोरला राहणारं. वडील राघोत्तमराव रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, पण खरे कीर्तनकार. दर शनिवारी संध्याकाळी देवळाच्या मंडपात उभे राहत. त्यांची मराठी जुन्या पोथीसारखी, मधूनच तमिळ डोकावणारी. शेडमध्ये आले की कामाच्या खडखडाटातही गुणगुणत असत. मित्रांनो, खरं सांगतो, इंजिनात जाण्यापूर्वीच मी हरिकथा ऐकली. पोलादाच्या नशिबी एवढं पुण्य कुठून येतं?

रंजनीला गाडीत बसू द्यायचं का, यावर घरात बरेच दिवस खल झाला. शेवटी राघोत्तमरावांनी एक अट घातली.

"सुधींद्रा, गाडी आपली रंजनीच चालवणार काय?"

"होय अप्पा."

"मग गाडीच्या पोटांत जें मुख्य फिरतें तें मी पाहून, मी निवडून द्यायचें. नाहीतर तूं चालीव."

सुधींद्राची बायको कनका पोळ्यांचा डबा उघडत होती. ती म्हणाली, "हे चालवतील तर बक्षीस शेवटून मोजायला लागेल, अप्पा."

"वहिनी, अण्णा सायकलसुद्धा फुटपाथवरून चालवतो," रंजनी म्हणाली. सगळे हसले, सुधींद्रही हसला. अट मात्र तशीच राहिली.

या घराची एक रीत होती. पितळेचं तपेलं असो, समई असो की देवघरातली घंटा, टिचकी मारून नाद ऐकल्याशिवाय कुठलीच वस्तू उंबरा ओलांडत नसे. राघोत्तमराव कान पुढे करत, डोळे मिटत आणि मग मान हलवत. त्यांनी मान हलवलेली वस्तू कधी फुटकी निघाली नव्हती. दुकानदारसुद्धा त्यांना भीत.

आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा, दिवस उजाडला. शेडमध्ये हातोड्या, पाने, कानशी सगळ्यांना गंध लागलं होतं. दारात दृष्ट लागू नये म्हणून कुंकू भरलेला भोपळा फोडला होता आणि चुरमुऱ्यांच्या पिशवीवर कावळ्यांचा डोळा होता. आम्ही तीन शाफ्ट निवडीला होतो. पहिला कंपनीचा, आखूड. दुसरा मधला, माझ्यासारखाच घडीव, पण खांदे जरा आत. तिसरा मी.

सुधींद्राची निवड आधीच ठरलेली होती. इथल्या ट्रॅकवर लांबच लांब सरळ रस्ता आहे आणि रंजनीला गिअर ताणायची सवय. इंजिन किंचाळायला लागेपर्यंत ती बदलत नाही. तिच्यासाठी मधलाच शाफ्ट योग्य होता. त्याला साजेसे पिस्टनसुद्धा सुधींद्रानं आणून ठेवले होते. मी तर केवळ तुलनेला आलो होतो. एका मित्राकडून पाहायला मागून आणलेला.

पण त्या सकाळी मला तेल पुसण्यासाठी साखळीला टांगलं होतं. मधला बिचारा लाकडी पेटीत, भुशात निजलेला.

राघोत्तमरावांनी लहान हातोडीची मूठ पहिल्यावर मारली. त्यांनी नाक मुरडलं. मग पेटीत वाकून मधल्याला मारली. थड असा आवाज आला.

"हा मुका आहे," ते म्हणाले.

मग माझ्याकडे आले. मूठ लागली आणि मी टांगलेल्या घंटेसारखा वाजलो. नाद शेडभर फिरला. पत्रे थरारले. राघोत्तमरावांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत सा लावला आणि तो माझ्या सुरात जाऊन मिसळला.

"षड्ज," ते म्हणाले. "तंबोरा जुळवून घ्यावा असा. रंजनी, तुजला हा सांभाळील."

मित्रांनो, टांगलेली वस्तू वाजते आणि भुशात पुरलेली वाजत नाही, हे तुम्हालाही कळतं. सुधींद्राला तर कळतच होतं. तो बोलायला पुढे झाला, "अप्पा, तो पेटीत आहे म्हणून..." एवढ्यात राघोत्तमरावांनी माझ्या अंगाला गंध लावलंसुद्धा. रंजनीनं भावाकडे पाहिलं. तिची नजर म्हणत होती, अण्णा, हो म्हण, नाहीतर हे सगळं संपेल.

"सरी अप्पा," सुधींद्र म्हणाला. सरी म्हणजे तमिळमधलं ठीक आहे.

त्या दिवशी माझं केवढं कौतुक झालं. पण मला आतून बरं वाटत नव्हतं. माझा नाद खोटा नव्हता. मला कुठेही तडा नाही, एवढं तो सांगत होता. मी कुठल्या इंजिनाचा, कुठल्या वेगाचा, हे मात्र नादात येत नसतं.

सुधींद्रानं मित्राला पैसे देऊन मला ठेवून घेतलं, माझ्या मापाचे पिस्टन आणले आणि मला बसवलं. सरावाच्या पहिल्या दिवशी रंजनीनं वळणातून बाहेर पडताना पाय दाबला आणि गाडी अशी झेपावली की ती हेल्मेटच्या आत हसली. लांब खांद्यांमुळे इंजिन मोठा घास घेत होतं आणि टर्बो लवकर जागा होत होता.

"अण्णा, ही ओढते रे, काय ओढते," ती उतरल्यावर म्हणाली. "अप्पांचा कान म्हणजे कानच."

सुधींद्र बॉनेट उघडून आत वाकला. सरळ रस्त्यावर काय झालं ते त्याला बाहेरूनही ऐकू आलं होतं. भारदस्त गळ्याच्या गवयाला कुणी द्रुत लयीत पळवावं तसं माझं झालं होतं. पिस्टन वर जाऊन थांबायचे आणि दाणकन मागे फिरायचे; प्रत्येक फेरीत त्यांना माझ्यामुळे जास्त अंतर कापावं लागे. मला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगांची दमछाक होत होती. मी थरथरत होतो. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो, पोरी, पाय काढ.

दुसऱ्या दिवशी सुधींद्रानं तेल काढलं. हाताशी दुसरं भांडं नव्हतं, म्हणून कनकाच्या जुन्या परातीत काढलं. कनका डबा घेऊन आली आणि परातीकडे पाहतच राहिली.

"माझ्या परातीत चांदी कुठून आली?"

काळ्या तेलात बारीक चमक तरंगत होती. ती बेअरिंगची झीज होती. सुधींद्रानं परात पायानं बाकाखाली ढकलली.

"नवं इंजिन आहे. सुरुवातीला येतं थोडं."

"मला स्वयंपाक येतो, इंजिन येत नाही," कनका म्हणाली. "पण तुमचं तोंड मला वाचता येतं. अप्पांना सांगा."

"काय सांगू? तुमचा कान चुकला म्हणून? ते अट मोडली म्हणतील. मग ती गाडीत कधीच बसणार नाही."

"आणि बसली तर?"

सुधींद्रानं नवी बेअरिंगं घातली, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याखाली लाल रंगाची रेघ ओढली आणि रंजनीला बजावलं, "या रेघेच्या पुढे जायचं नाही."

"का?"

"जायचं नाही म्हणजे नाही."

"सरी, सरी. टेन्शन नको घेऊ."

ती हो म्हणाली. पण तिचा पाय मला ठाऊक होता. शेजारून दुसरी गाडी पुढे सरकली की त्या पायाला कुठली रेघ दिसणार? आणि त्या वेगात मी मोडलो असतो, तर माझा तुकडा इंजिन फोडून बाहेर पडला असता, तेल मागच्या चाकांखाली गेलं असतं, आणि पुढे भिंत होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी राघोत्तमराव मठातून मंत्राक्षता घेऊन शेडमध्ये आले. गाडीवर टाकल्या, रंजनीच्या डोक्यावर टाकल्या. फार प्रसन्न होते.

"आज कीर्तनांत या लोखंडाचा दाखला देणार आहे," ते म्हणाले. "नाद शुद्ध असला म्हणजे वस्तू तारून नेते, हें लोकांना सांगायचें आहे."

सुधींद्राच्या हातातला पाना खाली पडला. तो वाकला, पण त्यानं पाना उचलला नाही. त्यानं बाकाखालची परात ओढली आणि वडिलांच्या पायांशी ठेवली.

"अप्पा, तो दाखला देऊ नका."

"कां?"

"नाद शुद्ध आहे. पण हा शाफ्ट या गाडीचा नाही. मधला हवा होता. तो भुशात होता म्हणून वाजला नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं."

राघोत्तमराव परातीतल्या चमकेकडे पाहत होते. "हें काय आहे?"

"हा आतून खातोय, अप्पा. उद्या कदाचित टिकेल. कदाचित टिकणार नाही."

राघोत्तमराव रंजनीकडे वळले. "तुजला ठाऊक होतें?"

"ही परात मी आजच पाहिली. पण आवाज बदलला होता, तो मला कळला होता."

"तरी बसणार होतीस?"

"तुम्ही निवडलेला होता, अप्पा."

राघोत्तमराव एका जुन्या टायरवर बसले. मग ते म्हणाले, "काढा तो."

इंजिन उघडायचं, पिस्टन बदलायचे, मधला बसवायचा, हे एका दिवसाचं काम नव्हतं. म्हणजे शर्यत गेली. हे सगळ्यांना कळलं. त्या संध्याकाळी मंडपात राघोत्तमरावांचा आवाज लागला नाही, असं कनका दुसऱ्या दिवशी सांगत होती.

रविवारी ट्रॅकवरून गाड्यांचा आवाज शेडपर्यंत येत होता. रंजनी पाना फिरवत राहिली. प्रत्येक नट तिनं स्वतः सोडवला. मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या मानेवर उष्णतेचा निळा डाग होता आणि अंगावर एक बारीक ओरखडा. बाहेरचा आवाज थांबला. कोणीतरी जिंकलं असणार. रंजनी नळाशी गेली आणि हात धूत राहिली, स्वच्छ झाल्यावरही.

राघोत्तमराव तिच्यामागे गेले. पंचा पुढे केला.

"पुढच्या खेपेस माझी परवानगी मागूं नकोस," ते म्हणाले. "सुधींद्राला विचार. आणि तो सरी म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवूं नकोस. मनांत राहिलेलें पुढचें वदवून घे, मग बैस."

सुधींद्रानं खाली मान घातली. रंजनीनं पंचा घेतला आणि त्यात तोंड पुसलं.

मधला शाफ्ट बसला. पुढच्या हंगामात रंजनी धावली, आजही धावते. शेडबाहेर गाडी थांबली की तिची पावलं मी ओळखतो, आणि ती धडधाकट आली म्हणून देवाचे आभार मानतो. मी मात्र फळीवर आडवा पडून आहे. सुरुवातीला सुधींद्र मला तेल लावायचा. आता विसरतो. चेन्नईची खारी हवा कोणाचं ऐकत नाही. निळ्या डागाशेजारी तांबूस ठिपके उठले आहेत.

मित्रांनो, आम्हाला असं आडवं टाकू नका. लांब शाफ्ट आडवा पडून राहिला तर आपल्याच भारानं वाकतो. उभं करून ठेवा, अधूनमधून तेलाचं बोट फिरवा. मी निरुपयोगी नाही. चढाचा रस्ता असलेली, घाई नसलेली एखादी गाडी असेल, तर तिला मी आयुष्यभर ओढीन. माझं कौतुक केलंत तर मला आवडेल, खोटं कशाला बोलू? पण मला निवडायला आलात, तर मी कसा वाजतो हे मागाहून ऐका. आधी एवढं विचारा, गाडीत कोण बसणार आहे.